ताट कोण धरत असेल?

गेल्या मे महिन्यात मालवणच्या बाजारात एक वृद्ध गृहस्थ दिसले. नारळवाल्यासमोर उकिडवे बसून ते एकेक नारळ कानाशी नेत, हलवत, क्षणभर डोळे मिटत आणि नापसंतीने खाली ठेवत. विक्रेता घाई करू लागला, तेव्हा म्हणाले, "गप रव मेल्या, नारळ काय सांगता ता आयकाक दी." अखेर दोन नारळ मनास आले. मग पाव किलो गूळ, तोही जिभेवर कण ठेवून पारखलेला. काखेत जुन्या पंचात गुंडाळलेला शिरवाळ्यांचा लाकडी साचा होता. सुताराने नुकताच दुरुस्त केला असावा, कारण त्याचा एक पाय अगदी नवा, पांढरा होता.

आचऱ्याच्या एस.टी.त ते माझ्या पुढच्याच बाकावर बसले. निजलेल्या नातवाला सांभाळावे तसा साचा त्यांनी मांडीवर धरला होता. माझे मन त्यांचे घर उभारू लागले. तरुणपणी हे मुंबईच्या गिरणीत असतील, खाणावळीत जेवताना आईच्या हातचे शिरवाळे आठवत असतील. 1982 च्या संपानंतर गावी परतले असतील आणि आईने कधी न शिकवलेला पदार्थ चुकत-माकत शिकले असतील. आता उकडलेल्या पिठाचे गोळे आधणात तरंगत असतील, नातवंडे भोवती गोळा झाली असतील, नारळाच्या रसात वेलची पडली असेल.

मग हिशेब आठवला. दोन नारळ आणि पाव किलो गूळ. एवढ्यात नातवंडांचा मेळा जेवत नाही. शिवाय शिरवाळे हे बहुधा दोघांचे काम. गोळा गरम असतानाच दाबावा लागतो, निवला की घट्ट होतो. एकाने भार देऊन दाबायचे, दुसऱ्याने खाली ताट फिरवत धरायचे. यांचे ताट कोण धरत असेल?

वाटेतल्या एका थांब्यावर ते उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. साचा खांद्यावर घेऊन ते लाल पायवाटेने निघून गेले.

आचऱ्याला माहेरी पोहोचले. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात. स्वयंपाकघरात शेगडी कोरडी, लखलखीत होती आणि फडताळात बिस्किटांचे तीन पुडे. पुण्याहून मी रोज फोनवर विचारी, "जेवलात का?" ते म्हणत, "होय, जेवलंय." माझे समाधान होई. एका अनोळखी माणसाचे घर मी तासाभरात रचले होते. या घरातले रोजचे ताट मात्र मनासमोर कधी आणलेच नव्हते.

उतारवयात चव आणि वास मंदावतात, तहान कमी लागते आणि एकट्यासाठी चूल पेटवणे जिवावर येते. मग चहा-बिस्किटेच जेवण होतात. पोट भरल्यासारखे वाटते, पण पुरेशी प्रथिने न मिळाल्याने स्नायू झिजतात, तोल जाऊन पडण्याची भीती वाढते. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोंहून जास्त, तर डॉक्टरांना दाखवावे. बाबांचा सदरा खांद्यावरून ओघळत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तपासणी करून आलो.

त्याच संध्याकाळी माळ्यावरून आईचा साचा काढला. बाबा म्हणाले, "माका जमाचा नाय." मी ताट धरले. पहिले शिरवाळे तुटले, दुसरे जाड आले. तिसऱ्या गोळ्याला बाबा स्वतःच म्हणाले, "ताट फिरव गो, एकाच जाग्यार पडता." त्या रात्री ते दोनदा वाढून घेऊन जेवले.

शिरवाळे काही रोजचे अन्न नव्हे. रोजसाठी आम्ही सोपे ठरवले: कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची आमटी, मिळेल तेव्हा बांगडा, आणि दर रविवारी शेजारच्या काकांना जेवायला बोलवायचे. फोनवरचा माझा प्रश्नही बदलला आहे. आता मी विचारते, "बाबा, आज काय केलंत?" कधी उत्तर येते, "पेज." कधी मात्र ते पिठीत कोकम किती घातले, इथपासून सुरुवात करतात, आणि मी मध्ये न बोलता ऐकत राहते.