चाकूची निवड

गेल्या आषाढांत आमचा भाचा बागेंत कोय कलम बांधावयास शिकूं लागला, आणि पहिल्याच दिवशीं त्यानें आजोबांचा चाकू मागितला. आम्हीं तो पेटींतून काढून त्याच्या हातीं दिला. पोरानें नखानें ओढलें, दांतओठ खाऊन ओढलें, पण पातें जागचें हललें नाहीं. "मामा, हा उघडत कां नाहीं?" या प्रश्नास उत्तर देणें आम्हांस फार जड गेलें. वडिलांनीं तीस वर्षें वापरलेला तो चाकू आमच्या ताब्यांत आल्यावर दोन पावसाळ्यांतच निकामी झाला होता. वडील रोज सायंकाळीं पातें पुसून त्यावरून खोबरेलाचें बोट फिरवीत. आम्हीं तो ओलाच पेटींत टाकला. वाचकहो, चाकूचा यांत कांहीं दोष नव्हता.

तो साध्या पोलादाचा होता. असल्या पोलादास धार उत्तम चढते; परंतु आंब्याचा चीक लागतांच तें काळवंडतें आणि कोंकणच्या दमट हवेंत त्यास गंज धरावयास फारसा वेळ लागत नाहीं. कोय कलमें तर ऐन पावसाळ्यांतच बांधावयाचीं. तेव्हां या खेपेस स्टेनलेस स्टीलचा चाकू घ्यावा असें ठरलें. चाकूसुऱ्यांसाठीं शतकानुशतकें प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकांच्या नळ्या आंतून झिजूं नयेत म्हणून निरनिराळीं पोलादें तपाशीत होते. १९१३ सालीं त्यांनीं सुमारें १३ टक्के क्रोमियम घातलेलें पोलाद तयार केलें, आणि तें सहसा गंजत नाहीं असें त्यांस आढळून आलें. क्रोमियमचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर अतिसूक्ष्म थर धरतो. तो खरवडला गेला तरी पुन्हां धरतो. आरंभीं या पोलादास नीट पाणी देण्याची रीत कारागिरांस साधेना, म्हणून "न कापणाऱ्या चाकूंचे जनक" अशी ब्रिअर्लींची थट्टाही झाली. पुढें रीत साधली व थट्टा थांबली. तथापि समुद्राकांठच्या खाऱ्या वाऱ्यानें या पोलादावरही ठिपके पडतात. आमच्या स्वयंपाकघरांतील सुरी त्याची साक्ष देईल.

दुकानांत गेल्यावर भाच्याची दृष्टि प्रथम तांबड्या मुठीच्या स्विस चाकूवर गेली. चाकू खरोखर नामी. कार्ल एल्सेनर यांनीं १८८४ सालीं कारखाना काढला आणि १८९१ पासून ते स्विस शिपायांस चाकू पुरवूं लागले. आईच्या मृत्यूनंतर त्यांनीं तिचें व्हिक्टोरिया हें नांव आपल्या मालास दिलें. पुढें १९२१ सालीं न गंजणाऱ्या पोलादाच्या 'इनॉक्स' या संज्ञेशीं त्याची सांगड घालून 'व्हिक्टोरिनॉक्स' हें नांव सिद्ध झालें. पण कात्री, पेचकस, डबा फोडण्याचें हत्यार, एवढा संसार कलम बांधणाऱ्यास कशाला हवा? दुसरा चाकू फ्रान्समधील सावोय प्रांताचा, ओपिनेल. १८९० पासून चालत आलेली ही घडण आमच्या फार मनांत भरली. पातळ पातें, लांकडी मूठ, आणि पातें अडकविण्यास मागाहून जोडलेलें फिरतें कडें. परंतु लांकूड पाणी पिऊन फुगतें आणि मग पातें मुठींतून निघतां निघत नाहीं. न उघडणारा एक चाकू घरीं होताच!

शेवटीं आम्ही साध्या, एका पात्याच्या, पाठीवर कमान असलेल्या जुन्या धर्तीच्या चाकूकडे वळलों. वडिलांचा चाकू असाच होता. त्याची परीक्षा सांध्यावर करावी. पातें उघडतांना कमानीचा ताण एकसारखा लागला पाहिजे व अखेरीस 'टक्' असा आवाज झाला पाहिजे. उघडलेलें पातें चिमटींत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावें. खिळा सैल असेल तर तें डुलतें. मग चाकू उजेडाकडे धरून कमान आणि बाजूचा पितळी पत्रा यांच्यामध्यें फट दिसते काय तें पाहावें. पातें स्टेनलेस आणि आंतली कमान साध्या लोखंडाची, असेही चाकू विकावयास येतात. आमचा जुना चाकू पात्यापेक्षां सांध्यांतच अधिक गंजला होता, म्हणून दुकानदारास आम्हीं हें दोनदां विचारलें. तो कंटाळला असावा.

अशा चाकूस खटका नसतो, पातें केवळ कमानीच्या जोरावर उभें राहतें. बाराव्या वर्षीं आम्हीं वडिलांची नजर चुकवून चाकूच्या टोकानें डब्याचें झांकण उचकटूं गेलों. पातें मिटलें तें थेट बोटावर. तो वण भाच्यास दुकानांतच दाखविला. शाळेंत असला चाकू आणावयाचा नाहीं, हें बालवाचकांस निराळें सांगावयास नको.

मुठीवरून मात्र आमचा मतभेद झाला. आम्हांस शिंगाची मूठ हवी होती, कारण वडिलांच्या चाकूस ती होती. भाच्यानें काळी, खरखरीत, दिसावयास ओबडधोबड अशी प्लास्टिकची मूठ उचलली. म्हणाला, "मामा, हात ओला असला तरी ही निसटत नाहीं." आम्ही थोडा वेळ हट्टास पेटलों, मग पैसे मोजले.

दुसऱ्या दिवशीं त्यानें कोंवळ्या रोपाचा शेंडा छाटला, दांड्यास उभी चीर दिली आणि पाचरीसारखी तासलेली काडी त्यांत बसवून पट्टी आवळली. त्याच्या पहिल्या दहा कलमांपैकीं चार जगलीं.

जुना चाकू आम्हीं रॉकेलांत बुडवून ठेविला. नवव्या दिवशीं पातें नखभर वर आलें आणि पुन्हां अडलें.