प्रदत्त मत

मराठीच्या प्राध्यापकाला शब्दांचे वेड असायचेच. पण 'प्रदत्त मत' हा शब्द मला शिकवला तो निवडणुकीच्या कामाने. केंद्राध्यक्ष म्हणून बसलो असता एक आजीबाई आल्या. पाहतो तो त्यांच्या नावावर कुणीतरी आधीच मत देऊन गेलेले!

"अहो, मग मी कोण?" आजींनी विचारले.

प्रश्न वेदान्तातला, पण उत्तर १९६१ च्या निवडणूक नियमांत होते. ओळखीबद्दल चार प्रश्न विचारून मी नमुना १७-ख मध्ये त्यांची सही घेतली आणि यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका दिली. आजींनी शिक्का मारला. घडी केलेला कागद मी वेगळ्या लिफाफ्यात ठेवला.

अशी मते नेहमीच्या मोजणीत धरीत नाहीत. निवडणूक याचिका झाली, तरच न्यायालय त्यांचा विचार करते. मग उपयोग काय, असे आपण म्हणाल. २००८ साली राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी अवघ्या एका मताने हरले, आणि प्रदत्त मतांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

प्रदत्त म्हणजे दिलेले, मोजलेले नव्हे. पण आजी आल्या होत्या, एवढे तरी त्या लिफाफ्याने लिहून ठेवले.