बाबांचं विंडोज कुठे गेलं?

‘अगं, माझं विंडोज कुठे गेलं?’

रविवारची सकाळ, साडेसात. बाबांचा हा प्रश्न ऐकला आणि माझी झोप खाडकन उडाली. विंडोज कुठे गेलं ते मला माहीत नव्हतं, पण ते घालवलं कोणी हे नक्की माहीत होतं... मीच!

२०२२च्या सप्टेंबरमधली ही गोष्ट. घरात लॅपटॉप एकच. त्याचे आम्ही चक्क वाटे केले होते. अर्ध्यात बाबांचं विंडोज, अर्ध्यात माझं उबुंटू. मशीन सुरू केलं की मेनू यायचा, ज्याने त्याने आपापलं निवडायचं. भांडण नाही, तंटा नाही. बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार. वर्षभराचा हिशोब त्यांच्या अर्ध्यात. आणि त्याच दिवशी अकरा वाजता सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा!

आदल्या रात्री एक लेख पाठवून मी निवांत बसले होते. २०.०४ वरून २२.०४ वर या, असं उबुंटू बरेच दिवस सुचवत होतं. म्हटलं, चला, करून टाकू. अपग्रेड झालं, रीस्टार्ट झालं, नवं रूपडं आवडलं, झोपले. मधे मेनू आलाच नाही, हे पेंगुळल्या डोळ्यांना कळलंच नाही.

‘चालतंय त्याला हात लावू नये,’ बाबा एवढंच म्हणाले. रागावले असते तरी परवडलं असतं. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हापासून ‘आमची ही करेल काहीतरी’ असं ते चारचौघांत सांगायचे. सकाळी सकाळी ते वाक्यच पणाला लागलं. बॅकअप? मला वाटलं बाबा घेतात. बाबांना वाटलं मी घेते.

आधी खात्री करून घेतली. उबुंटूमध्ये ‘डिस्क्स’ उघडलं. विंडोजचं पार्टिशन जागेवर होतं. आत शिरून हिशोबाची फाइलही सापडली. लगेच पेन ड्राइव्हवर कॉपी केली. पण ती उघडणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं! म्हणजे घर शाबूत होतं, दारावरची पाटी तेवढी गेली होती.

ही पाटी लावण्याचं काम ग्रब नावाच्या प्रोग्रॅमचं. टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’ अशी कमांड दिली. भराभर ओळी आल्या, आणि त्यात एक इशारा... ‘ओएस-प्रोबर’ चालवला जाणार नाही. हा ओएस-प्रोबर डिस्कवर आणखी कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आहे ते शोधून मेनूत टाकतो. २०२१मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून तो मुळातच बंद ठेवलेला असतो. दुसऱ्यांच्या पार्टिशनमध्ये आपोआप डोकावणं सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचं, म्हणून. कारण अगदी रास्त. अपग्रेडआधी माहिती न वाचणारी मीच!

उपाय एका ओळीचा निघाला. ‘ईटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ टाकली, सेव्ह केलं आणि पुन्हा तीच अपडेटची कमांड. या वेळी यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ उमटलं. तरी रीस्टार्ट करताना हात थरथरत होता. बाबा मागे चहाचा कप घेऊन उभे. काळा स्क्रीन... आणि मेनू! तिसऱ्या ओळीवर त्यांचं विंडोज. साडेनऊ वाजले होते.

सभेत हिशोब मंजूर झाला. भांडण पार्किंगवरून झालं, नेहमीप्रमाणे.

तुमच्याही लॅपटॉपवर दोन बिऱ्हाडं असतील, तर माझ्याकडून एवढं ऐका. अपग्रेडआधी बॅकअप घ्या. लाइव्ह यूएसबी तयार ठेवा. सुरू होताना कोणती की दाबली की मशीनचा स्वतःचा बूट मेनू येतो, ते पाहून ठेवा. बऱ्याच मशीनवर ती एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. ग्रब रुसलं तरी तिथून विंडोज बहुतेक वेळा सुरू करता येतं. मला हे दुपारी आठवलं! आणि दुसऱ्याचं काम उद्यावर असताना आज रात्री अपग्रेड? अजिबात नको.

संध्याकाळी शेजारचे काका आले होते. बाबा त्यांना सांगत होते, ‘सकाळी विंडोजच गायब! हिने दोन तासांत परत आणलं.’

ते घालवलं कोणी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.