बेडा ते कचेरी

नेर-परसोपंतहून अमरावतीच्या रस्त्याला लागलं की पुढचा तालुका नांदगाव खंडेश्वर. त्या तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले यांनी २०१२ साली फासेपारधी मुलांसाठी आश्रमशाळा काढली. स्वतः त्याच समाजातले. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरकी सोडून आले. शाळेचं नाव ठेवलं ‘प्रश्नचिन्ह’. शाळांना ज्ञानदीप, विद्यामंदिर म्हणण्याची आपली रीत. हे नाव मात्र आपल्याकडं जाब मागतं.

दान द्यायला आमचा वऱ्हाडी माणूस मागे नाही. गाडगेबाबांचा मुलूख आहे हा. वाढदिवसाला बिस्किटांचे पुडे, दिवाळीला फराळ, थंडीत ब्लँकेटं आणि लगोलग फोटो. त्यात वाईट काही नाही. पण ब्लँकेट पांघरलेल्या त्या पोराजवळ जातीचा दाखला नसेल, तर शिष्यवृत्तीच्या दारातूनच तो परत फिरतो.

फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात. दाखल्याच्या पडताळणीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजा-पणजाचा शाळेचा दाखला, महसुली नोंद, असलं काहीतरी. तितर-लाव्यांच्या मागं फासे घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या पणज्याची कुठली शाळा अन् कुठला सातबारा? नोंद ठेवली ती पोलिसांनी. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायची सोय केली, त्यांत पारधीही आले. कायदा १९५२ मध्ये गेला. पुढं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारच गुन्हा ठरली. रानं वाचायला हवीच होती, पण चुलीचं काय, हे कोणी विचारलं नाही. आजही कुठं चोरी झाली की संशय आधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, जातो.

समाजसेवी संस्थेचं खरं काम इथं सुरू होतं. अर्ज लिहायचा, जुन्या नोंदी हुडकायच्या, कागद नसेल तर गृहचौकशीसाठी पाठपुरावा करायचा, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकून पुन्हा यायचं. झेरॉक्स आणि एसटीच्या भाड्याला देणगीदार सहसा मिळत नाही. त्यात फोटो काय निघणार? याच कामावर मी संस्था जोखतो. वर्षानुवर्षं तेच लाभार्थी व्यासपीठापुढं बसवणाऱ्या संस्थाही आपल्याकडं कमी नाहीत. किती माणसं संस्थेवाचून चालू लागली, हा हिशेब अहवालात क्वचितच दिसतो.

आणि सरकार? जे त्यानं करायचं, ते संस्थेनं केलं की त्याला हायसं वाटतं. ‘प्रश्नचिन्ह’च्या आवारातून तर उलट सरकारचाच समृद्धी महामार्ग गेला, २०१९ मध्ये शाळेच्या बांधकामाचा काही भाग त्यात गेला.

नेरच्या दात्यांना माझं एवढंच सांगणं: यंदा ब्लँकेटं थोडी कमी घ्या. तहसीलमध्ये तुमची ओळख असते, बाबूला नावानं हाक मारता येते. एखाद्या पोराबरोबर तिथं जा आणि त्याचा दाखला निघेपर्यंत जात राहा.