माठ, पाट आणि शिटी

गुरुजींनी या भित्तिपत्रकासाठी 'माझा अनुभव' लिहायला सांगितला आहे. मी माझ्या धाकट्या भावाविषयी लिहिते. तो आपल्याच शाळेत तिसरीत आहे. ज्याच्या कानातल्या यंत्राची शिटी वाजते आणि तुमच्यातले काहीजण हसतात, तोच तो.

२०२३ च्या पावसाळ्यात तो पहिलीत होता. आईने त्याला पाट आणायला सांगितला. तो आतून रिकामा माठ उचलून घेऊन आला. उंबऱ्याला लागून माठ फुटला. मी त्याच्या पाठीत जोराने धपाटा घातला. "मुद्दाम करतोस का रे?" तो रडला नाही. नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तो नेहमीच सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचा. आम्हांला वाटे, पोरगं आगाऊ आहे.

त्याच साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर शाळेत तपासणीला आले. त्यांनी मागे उभे राहून त्याला हाक मारली. त्याने मान वळवली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. मग त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि आबांच्या खेपा सुरू झाल्या.

जिल्ह्याच्या दवाखान्यात पहिल्या खेपेला कान तपासणारे माणूस रजेवर होते. दुसऱ्या खेपेला आधारकार्डावरचे नाव आणि शाळेतले नाव जुळेना. तिसऱ्या खेपेला तपासणी झाली. मीही गेले होते. बंद खोलीत बसवून कानाला फोन लावतात आणि आवाज आला की हात वर करायचा. त्याचा हात फार उशिरा वर जाई. दोन्ही कानांनी पासष्ट डेसिबलच्या आतले ऐकू येत नाही, असे कागदावर आले. साधे बोलणे साठाच्या आसपास असते, असे तिथल्या बाईंनी समजावून सांगितले. म्हणजे आमचे सगळे बोलणे त्याच्या दाराबाहेरच उभे राहत होते. २०१६ च्या कायद्याप्रमाणे साठ ते सत्तर डेसिबलवाल्याला कमी ऐकू येणारा म्हणतात आणि सत्तरच्या पुढे कर्णबधिर. 'बहिरा' हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. तो आपल्या गल्लीतला.

पुढे त्याला पिवळे दिव्यांग कार्ड मिळाले. मग गावातल्या एकांनी आबांना सांगितले, "निरामय नावाचा सरकारी विमा आहे, वर्षाला लाखापर्यंत मिळतात." आबांनी दोन दिवसांची मजुरी बुडवून चौकशी केली. तो विमा स्वमग्न, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांग अशा मुलांसाठी आहे. नुसते कान अधू असले तर चालत नाही. महात्मा फुले योजनेचे विचारले, तर ती दवाखान्यात दाखल होऊन करायच्या उपचारांची निघाली. आबा घरी आले आणि चहा न पिताच गोठ्यात गेले. तेव्हापासून आजी अंडी विकून आलेले थोडे पैसे तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकते. "ह्यो आपला इमा," म्हणते.

यंत्रे जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या एडिप योजनेच्या शिबिरात विनामूल्य मिळाली. सेल मात्र आजीच्या डबीतून येतात. पहिल्या दिवशी शेळी ओरडली तसा तो आईला बिलगला. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की अजूनही यंत्र काढून ठेवतो.

तालुक्याच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षिका बाई येतात. त्यांच्याकडे पुष्कळ शाळा आहेत, म्हणून रोज येत नाहीत. त्यांनी मला आरशासमोर उभे करून 'पाट' आणि 'माठ' म्हणायला लावले, आवाज न काढता. ओठ अगदी सारखे हलतात! प, ब, म तिन्ही ओठांवर एकच दिसतात. मला एकदम तो धपाटा आठवला. बाईंसमोर मी काही बोलले नाही. घरी येऊन त्याला माझा कंपास देऊन टाकला. का दिला, ते त्याला अजून माहीत नाही.

२०२५ च्या दिवाळीनंतर शिटी सुरू झाली. मुलाचा कान वाढतो, पण कानातला साचा तेवढाच राहतो. मग तो सैल होतो, आवाज फटीतून बाहेर येऊन परत यंत्रात शिरतो आणि शिटी वाजते. यंत्र बिघडलेले नसते, तोही मुद्दाम वाजवत नाही. पण वर्गात हसू झाले आणि त्याने यंत्र दप्तरात कोंबायला सुरुवात केली. यंत्र नाही म्हणून पाढे ऐकू येईनात. आबा म्हणाले, "जिल्ह्याच्या निवासी शाळेत घालू. तिथं कुणी हसायचं नाही." आई म्हणाली, "आठ वर्षांचं लेकरू मी नाही पाठवायची." जवळची शाळा की खास शाळा, हे निवडण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, असे बाई म्हणाल्या. तरी घरात अजून रोज रात्री तेच चालते. तो जेवताना दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघतो. त्याला किती कळते कोण जाणे.

गेल्या मंगळवारी आबा त्याला घेऊन नव्या साच्याचे माप देऊन आले. कानात गुलाबी लगदा भरतात, तो घट्ट झाला की काढतात. त्याचे एस.टी.चे तिकीट सवलतीचे, आबांचे पुरे. डबी रिकामी झाली. साचा यायला दोन-तीन आठवडे लागतील म्हणतात. तोपर्यंत शिटी वाजेल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी