नदीला उतार आहे का?

कराडच्या घाटावर संध्याकाळी भेळेच्या गाड्यांभोवती गर्दी असते. भेळ खाणाऱ्यांची पाठ बहुतेक वेळा नदीकडेच असते. नदीकडे तोंड करून बसतात ते म्हातारे आणि बाहेरगावचे. मी बाहेरगावचा.

उत्तरेकडून कृष्णा येते, समोरून कोयना. इतर संगमांवर एक नदी तिरकी येऊन दुसरीला मिळते. इथे दोघी नाकासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून पूर्वेला चालू लागतात. माहेर दोघींचं एकच, महाबळेश्वर. लोकांनी या भेटीला प्रीतिसंगम म्हटलं. यशवंतराव चव्हाणांची समाधीही इथेच आहे. पण भर श्रावणात हीच भेट पाहिली तर झुंज म्हणावंसं वाटतं. एकीला पूर आला की दुसरीचं पाणी मागे तुंबतं, आणि गाव दोघींच्या बेचक्यात सापडतं.

अशा जागी माणसं का राहिली? पाण्यासाठी म्हणावं, तर पाणी कोसभर अलीकडेही होतंच. शिवाय या नद्या माल वाहणाऱ्या नव्हेत; उन्हाळ्यात गुडघाभर, पावसाळ्यात अंगावर धावून येणाऱ्या. माल चालायचा काठाकाठानं, बैलांच्या पाठीवर. कोयनेचं खोरं धरून पाटण, हेळवाक, मग कुंभार्लीचा घाट उतरला की चिपळूण, आणि पुढे वाशिष्ठीच्या खाडीनं दाभोळचं बंदर. खाली आगरात पिकलेलं मीठ वर यायचं, घाटावरचं धान्य आणि गूळ खाली जायचा. कोयनेनं स्वतः पोतंभर माल वाहिला नसेल, पण डोंगरातून वाट तिनंच काढून दिली.

ही वाट संगमाशी येऊन अडायची. नदीला उतार आहे का, हा वाटसरूचा पहिला प्रश्न. उतार म्हणजे पायी पलीकडे जाता येईल अशी जागा, आणि तेवढंच पाणी. उतार नसेल तर नाव, सांगड, नाहीतर चक्क गुळाची काहील. तेही नाही जमलं तर बसून राहा. एक दिवस, चार दिवस, पूर ओसरेपर्यंत. बसलेल्या माणसाला भाकर लागते, बैलाला वैरण, तुटलेल्या वहाणेला चांभार, आणि चौथ्या दिवशी देव. कराडची पेठ मला तरी या खोळंब्यातून उगवलेली दिसते. सोयीच्या जागी माणूस थांबतोच कशाला, पुढे निघून जातो!

पेठ जुनी आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर करहाकटच्या निगमानं दिलेल्या दानाचा लेख आहे. करहाकट म्हणजे हेच कराड आणि निगम म्हणजे व्यापारी गाव. इसवी सनाच्या आधीच या गावाला गाव म्हणून दान देण्याइतकी ऐपत होती. त्याहून मला जवळचा वाटतो तो महिक. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीजवळ कुड्याची लेणी आहेत. तिथल्या एका लेखात करहाकडचा लोहवाणी महिक आपलं दान नोंदवून गेला आहे. लोखंडाचा व्यापारी! जड माल, मध्ये सह्याद्री. मिरगाच्या आत नदी ओलांडून घर गाठायची घाई त्यालाही असणार.

पुढे रेल्वे आली ती कृष्णेपलीकडून. स्टेशन गावाबाहेर पडलं आणि त्याच्या आसऱ्यानं ओगलेवाडी वाढली, तीच प्रभाकर कंदिलांची. महामार्गानं कोयनेवर पूल टाकला. आता पुण्याहून कोल्हापूरला निघालेला माणूस अर्ध्या मिनिटात नदी पार करतो, तेवढ्यात मोबाइलवरचं बोलणंही संपत नाही.

उलटीच गंमत पाण्याची झाली. हेळवाकजवळ धरण झालं, १०५ टीएमसींचं. त्यातलं ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेकडे वळवायची लवादानं मुभा दिली. ते बोगद्यांतून पोफळीकडे उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीत जातं. ज्या वाटेनं गूळ आणि धान्य चिपळूणला उतरायचं, तिच्या पोटातून आता कोयनाच कोकणात जाते.

अंधार पडला तसे म्हातारे उठले. वरच्या खोऱ्यात दोन दिवस पाऊस लागून होता. पायऱ्या चढता चढता एकानं भेळवाल्याला विचारलं, "धरणातनं किती सोडलंय?"

भेळवाल्यानं कांदा चिरता चिरता आकडा सांगितला, आणि गाडी एक पायरी वर घेतली.