पुसणं

आमच्या रोहण्यात कुणी काही विचारत नसे, सगळे पुसत. पुलगाव–आर्वीची नॅरोगेज गाडी चालू होती तेव्हा आजी मला पिटाळायची, "जाय लेका, गाडी गेली का पुसून ये." शाळेत मात्र ‘मी बाबांना पुसले’ असं लिहिलं की खाली लाल रेघ. तिथं पुसायची ती पाटी. पाचवीत इंग्रजी आलं आणि ‘आस्क’ म्हणजे विचारणे, हे पाठ झालं. पुढे पुण्यात खोलीतली मुलं हसली, तेव्हापासून मी ‘पुसणं’ सोडूनच दिलं. त्याची हळहळ अजून जात नाही.

कारण पुढे शब्दकोश चाळताना कळलं, आजीचा शब्द संस्कृत ‘पृच्छति’पासून प्राकृतातल्या ‘पुच्छइ’मार्गे आलेला. ज्ञानेश्वरीत तो आहे. पाटी पुसण्याचं मूळ निराळं. हिंदीत ‘पूछना’ आणि ‘पोंछना’ वेगळे राहिले, मराठीत दोन्हींचा उच्चार एक झाला. जर्मन माणूस विचारतो त्याला ‘फ्रागेन’ म्हणतात, तोही पृच्छतीच्याच कुळातला. लॅटिनकडून इंग्रजीत गेलेला ‘प्रे’, म्हणजे प्रार्थना करणे, तोसुद्धा.

‘आस्क’चं घराणं दुसरं. तो संस्कृत ‘इच्छति’चा भाऊबंद. म्हणजे विचारण्याच्या मुळाशी हवं असणं आहे. जुन्या इंग्रजीत ‘आस्कियन’ आणि ‘आक्सियन’ ही दोन्ही रूपं नांदत होती. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लिखाणात ‘आक्स’ सापडतं, 1535 साली छापलेल्या कव्हरडेलच्या बायबलातही. आज इंग्रजीत कुणी ‘आक्स’ म्हणालं की त्याला अडाणी ठरवतात. हे वाचलं आणि वहीतली ती लाल रेघ डोळ्यांपुढे आली.

शेवटच्या दुखण्यात आजी वर्ध्याला दवाखान्यात होती. सलाईन लावलेला हात उशीवर, दुसऱ्या हातानं लुगड्याचा पदर घट्ट धरलेला. सकाळी डॉक्टर फेरीला आले तशी तिनं पदर सोडून माझी बाही ओढली.

"त्यायले पुस ना, मले घरी कवा नेता म्हनून."

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. परत आलो तर तिचे डोळे दाराकडेच लागलेले.

"पुसलं का?"

"पुसलं, आजी."

कितीतरी वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून निघाला होता. तिनं पुन्हा पदर धरला आणि डोळे मिटले.